चौकच्या गोदामातलं लाल बटण

मी असल्या गोष्टींची टिंगल करणारा माणूस. या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव जेवणाच्या सुट्टीत वाचायचो आणि म्हणायचो, यांना झोप पुरत नाही, दुसरं काय! आता मीच लिहितोय... आणि झोप तर मलाही पुरत नाही.

राहतो दहिवलीला. चौक गावाजवळ, जुन्या हायवेपासून थोडं आत, एका मोठ्या गोदामात सुपरवायझर आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे रोबो आले – बुटक्या, चपट्या गाड्या, मालाचं अख्खं रॅक पाठीवर घेऊन फिरतात. आम्ही त्यांना कासवं म्हणतो. त्यांच्या जाळीच्या आत माणसानं जायचं नाही. जायचंच झालं तर आधी दारापाशी असलेलं लाल बटण दाबायचं, की सगळी कासवं थांबतात. ते दाबणं माझं काम. पण परत चालू करायला अर्धा तास जातो, मग वरून फोनवर फोन. त्या फोनांना मी पार विटलो होतो.

खंडेनवमीला पूजा केली. पूर्वी फोर्कलिफ्टची करायचो तशीच – हळद, कुंकू, झेंडू. कासवाला कपाळ कुठलं! पुढे एक काळी काच आहे, तिथेच मी बोटानं ठसठशीत कुंकू लावलं. पॅकिंगवरच्या बायका हसल्या, "नवरी दिसते गं अगदी!" ती काच म्हणजे त्याचा डोळा, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. पण पूजेला हात कपाळच शोधतो हो... नंतर पुसायचं राहून गेलं.

दसऱ्याची सुट्टी संपली, काम सुरू झालं. निम्मी माणसं रजेवर, माझी सकाळपासून डबल ड्यूटी. दुपारी साडेतीनला पॅकिंगवरची सुनंदा आली. दोन लेकरांची आई.

"दादा, आत खोकं पडलंय. बटण दाबता का जरा?"

मला खुर्चीतून उठवेना. म्हटलं, "जा गं, पटकन ये. माणूस दिसलं की थांबतात ती आपोआप."

ती गेली. मी डोळे मिटले. लिहायला लाज वाटते, पण मिटले.

किंकाळी ऐकून धावलो. सुनंदा खोक्यापाशी उकिडवी बसलेली, आणि रॅक घेतलेलं कासव तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर. थांबलेलं. तेच नाही, सगळीच थांबलेली. वळून दाराकडे पाहिलं – लाल बटण आत दाबलेलं! ते पिळल्याशिवाय वर येत नाही. सुनंदाला बाहेर काढलं आणि मग मीच पिळलं.

इंजिनिअर म्हणाला, "काचेवर कुंकू. त्याला समोरचं दिसलंच नाही. नशीब, तुम्ही बटण दाबलंत."

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मी एकट्यानं पाहिलं. दाराशी कोणी नाही. मी खुर्चीत, मान कलंडलेली. बटण वर आहे... आणि मग आत आहे. बटण खराब असेल म्हणून तपासून घेतलं, तर ठणठणीत. कोणी दाबलं, मला आजही सांगता येत नाही. शोधत बसायचं त्राणही उरलेलं नाही.

सुनंदानं घरी सांगितलं, दादांनी वाचवलं. दोन दिवसांनी तिची सासू तिच्यासोबत गेटवर आली. माझे हात धरून म्हणाली, "तुमी व्हतात म्हणून आमची सून हाय. नायतर पोरांचं काय झालं असतं रं बाबा!"

"मी नाही दाबलं मावशी," मी म्हणालो. खरंच म्हणालो. पण दाबायचं मीच होतं, कुंकूही मीच लावलं होतं... ते काही तोंडातून फुटेना.

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि सुनंदाला म्हणाली, "बघ गं. किती साधा माणूस हाय."