कापसातून चालणारी झोळी

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. वेचणीचा दर किलोला दहा रुपये ठरला, तेव्हा शेतात मी, बायको आणि मध्यप्रदेशातल्या डोंगरातून दरवर्षी येणाऱ्या चार बाया हजर होतो. शिवाय शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या निंबाला टांगलेल्या झोळीत त्यांच्यातल्या एकीची पाच महिन्यांची पोर झोपली होती.

सकाळी धुकं पडायचं. कापूस कुठे संपतो आणि धुकं कुठून सुरू होतं, कळत नसे. त्यातून चार डोकी सावकाश पुढे सरकत. दुपारपर्यंत ती निंबापासून इतकी लांब जात, की पोरीचं रडणं पाण्याखालून यावं तसं ऐकू येई.

चौथ्या दिवशी पोरीची आई सरीतच खाली बसली. अंगात ताप, एक छाती दगडासारखी घट्ट. वेचलेला कापूस टाकायचं फडकं तिनं छातीवरून आवळून बांधलेलं.

"लेकराले पाजत काहून नाही वं?" बायकोनं विचारलं.

"वैनी, निंबापर्यंत जाऊन आली का तीन किलो गेले समजा."

बायकोनं तिला बोरी अरबला दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "दूध तुंबू देऊ नको. पाजत राहा. नाही तर गाठ पिकेल, चिरावी लागेल."

संध्याकाळी चौघींतली वयस्कर बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "मालक, पहिल्या दिवसापासूनचं आमचं वजन एकात धरा."

"मग कोणी किती वेचला, कसं कळेल?"

"तुमाले कायले कळाले पायजे? चारानं भागता येते ना?"

सगळ्या हसल्या. बायकोही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन बांबूंची तिकाटी बांधून झोळी तिला टांगली. वेचणी पुढे सरकली की दोघी तिकाटी उचलून पुढे ठेवत. लाल लुगड्याची ती झोळी पांढऱ्या शेतातून तरंगत जाई, थांबे, पुन्हा निघे. थांबली की आई तिच्याजवळ बसून पोरीला पाजायची. बाकीच्या तिघींचे हात चालूच असत. मी वजनकाट्यापाशी उभा राहून बघत राही. किती वेळ, ते मोजलं नाही.

दोन दिवसांत ताप उतरला. छातीही मऊ पडली. चिरायची वेळ आली नाही.

वेचणी संपली तेव्हा सोळा क्विंटल भरला, मजुरी सोळा हजार. तिघींच्या हातात चार-चार हजार दिले. चौथीचे हात गुंतलेले होते. पोर पदराखाली पीत होती. तिचे चार हजार बायकोनं रिकाम्या झोळीत ठेवले.