गाडी ओढलेला दोर

दोर म्हणजे माणसानं माणसावर टाकलेला विश्वास. म्हणूनच मी माझा दोर कुलपात ठेवतो.

नांदेडात माझं धोक्याच्या फांद्या उतरवण्याचं काम आहे. कमरेला दोर बांधून झाडावर चढायचं आणि कापायचं. घरी दोर कोरड्या कपाटात असतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून लांब. तिचं आम्ल त्याला आतून खातं आणि वरून काही दिसत नाही. जीपमध्ये करवत आणि पेट्रोलचा डबा मागं, दोराची पिशवी पुढच्या सीटवर. "दोराला पुढं अन् मला मागं," हे बायकोचं जुनं गाऱ्हाणं.

उमरीकडच्या एका शाळेत वृक्षारोपणाचा समारंभ होता. स्टेज कडुलिंबाखाली, आणि स्टेजच्या बरोबर वर मांडीएवढी जाड, वाळकी फांदी. पाहुणे यायच्या आत ती उतरवायला मला बोलावलं होतं. फांदी पलीकडून न्याहाळायला मी जीपला कुलूप न लावताच शाळेच्या मागं गेलो आणि तेवढ्यात पाहुणे आले. पाहुणे वेळेआधी येतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. रोपांसाठी आणलेल्या पाण्याच्या टँकरनं फाटकात काळ्या मातीचा राडा केला होता. त्यात त्यांची गाडी रुतली. मी परत आलो तेव्हा गाडी बाहेर निघाली होती. पुढं ट्रॅक्टर, मागं गाडी, मध्ये माझा दोर.

संस्थेच्या अध्यक्षांनी तो स्वतः सोडून, गुंडाळून माझ्या हातात दिला. लोखंडी हुकाला घासून त्याची वीण एका जागी वितळून चकाकत होती. बाकी चिखल आणि बारीक खडे.

"झालं की, भाऊ. चढा आता."

"यावर आता चढता येत नाही, सर."

"कामून? एवढी गाडी ओढली त्यानं. तुम्ही काय गाडीपेक्षा जड हाव?"

मागचे शिक्षक हसले. हसण्याचा मला राग नाही. राग त्यांच्या खात्रीचा आला. त्यांच्या लेखी दोराची परीक्षा झाली होती आणि तो पहिल्या वर्गात पास झाला होता. अशा हिसक्यानं आतले धागे तुटतात, उरलेल्यांना आत शिरलेले खडे कापतात, हे मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

"दोर तुटला असता तर गाडी चिखलातच राहिली असती, सर. मी कुठं राहू?"

"पाहुण्यांसमोर तमाशा कामून करून राहिले? पाच मिनिटांचं तर काम हाय."

खाली यायला तेवढीही लागत नाहीत. मी करवत काढली आणि सगळ्यांसमोर दोराचे तुकडे केले. उद्या कुणी चांगला दिसतो म्हणून त्यावर चढायला नको.

"अरेरे, म्हैस बांधायला तरी आला असता," एक शिक्षक हळहळले. इतक्या वेळात कुणी हळहळलं ते तेवढंच.

मग फांदीखाली कोण बसणार याचा विचार झाला. कुणीच तयार होईना. स्टेज उन्हात सरकवलं. पाहुणे कपाळ पुसत पुसत सावलीच्या महत्त्वावर बराच वेळ बोलले. स्टेज दुसऱ्या झाडाखाली न्यावं, असं अध्यक्षांनी आधी सुचवलं होतं. मैदानात दुसरं झाड नव्हतं.