मेहुणीसाठी आखलेली वाट

उबाल्दो बेरिएल माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. मोंतेविदेओच्या टपाल खात्यात आम्ही दोघांनी बरोबरच नोकरी केली. मी खिडकीमागे, तो रस्त्यावर. एकतीस वर्षं त्यानं जुन्या शहरात दारोदार पत्रं टाकली. एप्रिलमध्ये त्याची बायको नील्डा गेली. सकाळी पालक निवडायला बसली, ती उठलीच नाही. दफनाच्या वेळी उबाल्दो रडला नाही, नंतरही नाही. जेवायचा, दाढी करायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. एकदा मला म्हणाला, "दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल होतो ना, तसं झालंय. चावलं तरी कळत नाही."

जुलैमध्ये नील्डाच्या थोरल्या बहिणीचा, झुल्माचा, आर्तिगासहून फोन आला. नदीला पूर आल्यामुळे ती दफनाला पोचू शकली नव्हती. वय एकाहत्तर, पण राजधानी तिनं कधी पाहिलेली नव्हती.

"ऑगस्टमध्ये येते दोन दिवस," ती म्हणाली. "शहर दाखव मला. पण पायी. नऊ तास बसमधून आल्यावर पुन्हा बसचं नाव काढू नकोस."

उबाल्दोनं कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि वाट आखायला घेतली. घरापासून स्वातंत्र्य चौक, मग जुन्या तटाचा दरवाजा, सारांदी रस्ता, कॅथेड्रलचा चौक, बंदरावरच्या बाजारात जेवण, परत येताना समुद्राकाठानं. संध्याकाळी मी माते, म्हणजे आमचा नळीनं ओढायचा कडू चहा, प्यायला वर गेलो की तो पान पुढं सरकवायचा.

"तिचा गुडघा धरतो. वीस मिनिटांनी बसवावं लागेल."

"मग चौकात बसव."

"ऑगस्टच्या थंडीत चौकातले बाक सकाळी दवानं ओले असतात. दहानंतर कडेच्या दोन बाकांवर ऊन येतं."

मग घड्याळ घेऊन तो स्वतः ती वाट चालून बघायला लागला, झुल्माच्या चालीनं. एकदा मी मुद्दाम बरोबर गेलो. लोक आम्हाला ओलांडून पुढं जात होते. "हळू चालायचं बक्षीस लागलंय का रे?" मी म्हटलं. तो हसला नाही. "इथवर चाळीस मिनिटं," एवढंच म्हणाला आणि लिहून घेतलं.

झुल्मा आली. ठेंगणी, जाड लोकरीचा कोट, हातात चीजचा मोठा गोळा. मला म्हणाली, "तू खालचा ना? नील्डा सांगायची, पत्ते खेळताना लबाडी करतोस म्हणून." आणि चीजचा अर्धा गोळा माझ्या हातात दिला.

पुढचं मला उबाल्दोनं नंतर सांगितलं.

सारांदी रस्त्यावर एका कॅफेसमोर झुल्मा थांबली. "हेच ना ते? दर रविवारी तुम्ही इथं कॉफी प्यायचात. कुठलं टेबल तुमचं?"

या कॅफेत उबाल्दो पत्रं द्यायला शेकडो वेळा गेला होता, बसला एकदाही नव्हता. आठवडाभर चालून रविवारी तो पाय वर करून पडायचा. नील्डा विचारायची, मग पुढं पुढं विचारेनाशी झाली. त्यानं खिडकीजवळचं टेबल दाखवलं. झुल्मा आत जाऊन त्या खुर्चीवर बसली.

चौकात ती म्हणाली, कबुतरांनी तुझी टोपी खराब केली ती इथंच ना. तो हो म्हणाला. बाजारात म्हणाली, इथं तू नील्डाला नाचवलंस, सगळे बघत होते. तो त्यालाही हो म्हणाला. पानावरच्या वेळा तंतोतंत जमत होत्या.

समुद्राकाठी वारा बोचत होता. ती दोघं कठड्यावर बसली. उबाल्दो म्हणाला, "झुल्मा, यातलं काही झालेलं नाही. मी तिला कधी कुठं नेलंच नाही."

झुल्मानं मातेची नळी तोंडातून काढली. "ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"रविवारी फोन करायची, आत्ताच फिरून आलो म्हणायची. आणि मागं तुझ्या रेडिओवर मॅच चालू असायची. मी काय बहिरी आहे?"

"मग आज हे सगळं का विचारत होतीस?"

"तू काय म्हणतोस ते बघायचं होतं." मग म्हणाली, "ती खूष असायची हं सांगताना. तुझं वाईट कधी बोलली नाही. त्या गोष्टींत तुला खूप बोलकं करून टाकलं होतं तिनं."

दुसऱ्या दिवसासाठीही त्यानं एक पान तयार ठेवलं होतं. सकाळी ते घडी करून त्यानं बाजूला सारलं आणि विचारलं, "आम्ही आणखी कुठं कुठं गेलो होतो?"

झुल्मा बोटांवर मोजत सांगत गेली, आणि तशी ती दोघं चालत गेली. शेवटी सोलीस नाट्यगृह. उबाल्दो त्याच्या पायऱ्यांपर्यंत एकतीस वर्षं गेला होता. त्या दुपारी नाट्यगृह बघायला आलेल्या माणसांच्या एका जथ्याबरोबर तो पहिल्यांदा आत गेला. जथा पुढं सरकला, तो एका लाल खुर्चीत बसला तो बसलाच. झुल्मा शेजारी बसून राहिली. शेवटी दारावरची बाई येऊन म्हणाली, आजोबा, बंद करायचंय.

"रडलास?" मी विचारलं.

"नाही. उठताच येईना. पाय होते, पण माझे वाटत नव्हते."

"राग आला का नील्डाचा?"

"यायला हवा होता. वाट बघितली मी, आला नाही."

झुल्मा त्याच संध्याकाळच्या बसनं गेली. उबाल्दो अजून तसाच आहे. जेवतो, दाढी करतो. परवा वर गेलो तर टेबलावर नवं पान होतं, पेन्सिलीनं भरलेलं.

"नोव्हेंबरमध्ये झुल्मा परत येतेय," तो म्हणाला. "उपसागरापलीकडच्या टेकडीवर जायचंय. किल्ल्यापर्यंत चढ आहे, तीनदा बसावं लागेल."

"तिथंही नील्डा घेऊन गेली होती वाटतं तुला?"

"नाही," तो म्हणाला. "ते झुल्मानं आणि मी ठरवलं."