एकाच वेलीची राई

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. म्हसळ्याच्या शाळेतल्या बाईंनी वडिलांना समजावलं नसतं, तर दहावीनंतर घरीच बसले असते. सप्तरंगीच्या प्रकल्पात सहायक म्हणून लागले, तेव्हा पहिला पेढा बाईंना नेऊन दिला.

सप्तरंगी म्हणजे मधुमेहावर जिच्या मुळ्यांचा काढा देतात ती जाड वेल. मुळ्यांसाठी लोकांनी ती रानोमाळ खणून नेली. श्रीवर्धनच्या अलीकडे एका देवीच्या राईत मात्र ती झाडाझाडांवर चढलेली होती. दगडी बांध ओलांडून आत गेलं की समुद्राचा आवाज एकदम थांबायचा. वेलीला फुलं यायची, फळ धरत नसे. आणि एका अंगाने ती वाळत चालली होती.

राईतलं पानही देवीला विचारल्याशिवाय तोडत नाहीत. गुरवकाकांनी ओल्या पाषाणावर फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पडली, म्हणजे देवीचा होकार. मी चारी कोपऱ्यांतून पानं घेतली.

प्रयोगशाळेतल्या डीएनए तपासणीत सगळ्या पानांच्या रेघा तंतोतंत सारख्या आल्या. प्रकल्प चालवणाऱ्या आमच्या मॅडमना वाटलं, मी आळस करून एकाच वेलीची पानं आणली. त्यांनी मला परत पाठवलं. पुन्हा तेच. मायलेकी नाहीत, बहिणीही नाहीत. सगळी राई म्हणजे एकच वेल.

काकांना सांगितलं, तर त्यांना नवल वाटलं नाही. बाहेरचं रोप राईत आणायचं नाही, ही रीत. म्हणून एक खोड वाळायला लागलं की वेलीचीच फांदी मातीत दाबून वर दगड ठेवायचा. त्यांच्या आजोबांनीही तेच केलेलं.

"आमी तिला मरूच दिलं न्हाय," ते म्हणाले.

त्यानंतर राईत फिरताना मला भीती वाटू लागली. इथे खोडाला हात लावला तर पलीकडच्या टोकाला तिला कळत असेल, असं वाटायचं. जी कीड एका खोडाला लागली, ती सगळ्यांना पुरून उरणार होती. आणि स्वतःच्याच परागांवर तिला फळ धरत नसल्याने, परकी वेल आल्याशिवाय बी धरणार नव्हतं.

दुसऱ्या राईतल्या वेलीचं कलम आणलं. काकांनी कौल लावला. डावी पाकळी पडली. त्यांनी ती उचलून पाषाणापुढे ठेवली. मग म्हणाले, "आत नको म्हनते. बांधाभायेर तिची हद्द न्हाय."

कलम बांधाला लागून बाहेर लावलं. पावसाळ्यानंतर गेले, तर आतली एक फांदी बांधावरून उतरून थेट कलमाकडे आली होती. इतक्या वर्षांत वेल कधी बाहेर आली नव्हती, असं काका म्हणाले. आम्ही दोघांनी ती उचलून अलगद आत ठेवली. महिन्याने पाहिलं, तर कलमाला वेढा घालून बसलेली.

"कापू का? तुझं रोप घुसमटंल," काकांनी विचारलं. कोयता हातात होता, पण पातं खाली होतं.

मी म्हटलं, "काका, कौल लावायचा का?"

"कुनाला ईचारू? तीच आलीय की."

ते बांबू घेऊन आले. आम्ही वेढा हळूहळू सोडवला आणि दोघींना एकाच मांडवावर, हातभर अंतर राखून, चढवलं. बांधताना फांदी माझ्या मनगटावर टेकली होती. वारा नव्हता, तरी ती हलल्यासारखी वाटली आणि मी हात काढून घेतला.