डब्यातली दुसरी किल्ली

अंगणात गाडी नव्हती. फुसाए दोनदा दार उघडून पाहून आली, तिसऱ्यांदाही गेली. गाडी नव्हती म्हणजे नव्हती.

सकाळचे सात वाजले होते. साडेआठला सासूबाईंना, किनूआजींना, डायलिसिसला पोचवायचं होतं. इस्पितळ डोंगरापलीकडे, चाळीस मिनिटांवर. आठवड्यातून तीन खेपा. एक खेप चुकली की म्हातारीच्या अंगावर सूज चढायची. दोन चुकल्या तर काय होईल, ते डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं आणि फुसाएला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं.

गाडी नवऱ्याची, योशिहारूची. आईची चाकाची खुर्ची सरळ आत जावी म्हणून त्याने मागे उतरती फळी बसवून घेतली होती. आईची एवढी काळजी, आणि मागच्या हिवाळ्यात स्वतःच हृदय बंद पडून गेला. बायकोच्या गळ्यात आई आणि गाडी दोन्ही टाकून! तिने सांभाळलं बिचारीने.

जपानच्या या डोंगरी गावात सगळेच गाडीची किल्ली दाराशी, चपलांच्या कपाटावर बशीत ठेवतात. गेल्या महिन्यात घरोघर फिरणारी सूचनेची पाटी आली: चोर फिरताहेत, किल्ल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. पाटीवर वाचल्याचा शिक्का मारायचा आणि शेजारी ढकलायची, वाचतो कोण? फुसाएने वाचली. दोन्ही किल्ल्या तांदळाच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि झाकण दाबून बसवलं. एवढं करून हे असं!

तिने टॅक्सीवाल्याला फोन लावला. "अकराशिवाय जमायचं नाही, ताई. गावात गाडी एक, आणि मीही एकच." इस्पितळाची गाडी डोंगराच्या या अंगाला येतच नाही. बस दोन वर्षांपूर्वीच बंद झालेली. मग तिने पोलीस चौकीला फोन लावला.

पोलीस मात्र लवकर आला. साकाकिबारा त्याचं नाव. सगळं अंगण वाकून वाकून पाहिलं त्याने.

"काच फुटलेली नाही. या गाडीचं असं आहे बघा, ताई, गाडी हाक मारते आणि किल्ली घरात बसून ओ देते. बटण दाबायलाही लागत नाही. एक चोर यंत्र घेऊन तुमच्या भिंतीला टेकतो, ती ओ उचलतो आणि गाडीपाशी उभ्या असलेल्या जोडीदाराकडे पाठवतो. गाडीला वाटतं, धनी आला. पत्र्याच्या डब्यातून मात्र ओ बाहेर पडत नाही."

"डब्यातच आहेत की दोन्ही!" फुसाएने तावातावाने डबा आणून उघडला.

आत एकच किल्ली होती.

तिची नजर आतल्या खोलीत गेली. तिथे कुळातल्या गेलेल्या माणसांचा देव्हारा, त्यात योशिहारूचा फोटो. फोटोपुढे, भाताच्या वाटीशेजारी दुसरी किल्ली ठेवलेली. काल त्याच्या जाण्याची दर महिन्याची तिथी होती. देव्हाऱ्याची भिंत अंगणाला लागून. खुर्चीतल्या किनूआजींनी मान खाली घातली होती.

"दुसरी कुठे होती?" साकाकिबाराने वही उघडली.

"माझ्याकडूनच बाहेर राहिली," फुसाए म्हणाली.

त्याने लिहून घेतलं. जाताना हळूच म्हणाला, "फार आशा धरू नका. अशा गाड्या सुट्या करून परदेशी पाठवतात."

दार लागल्यावर म्हातारी बोलली. "माझ्या लेकाची वस्तू, बिस्किटासारखी डब्यात कोंबलीस. तिथीला तरी त्याच्यापुढे असावी म्हणून काढली मी. मीच चोर ठरले गं. आता मला नेऊ नकोस. सुटशील तू."

"काय बोलता हो, आई! मला राग आलाय तुमचा. इतका आलाय की तुमच्याकडे बघवत नाही. संध्याकाळी भांडू, पोटभर भांडू. आत्ता चला!"

ती शेजारच्या हासेबेकाकांकडे धावली. त्यांचा भाजीचा छोटा ट्रक अंगणात उभा, किल्ली नेहमीसारखी आतच लटकवलेली. गेली वीस वर्षं तशीच, आणि त्या खटाऱ्याला चोर कधी फिरकला नाही!

"ने, पोरी. आजच्या दिवस ने," काका म्हणाले. "परवापासून कोबी बाजारात न्यायचाय, नाहीतर..."

"कळतंय, काका."

खुर्ची मागे दोराने बांधली. म्हातारीला दोघांनी उचलून पुढे बसवलं. तेवढ्यात ती अडली. "थांब. ती किल्ली आण. आणि डबा."

फुसाए चिडचिडत आत गेली, दोन्ही आणलं. किनूआजींनी लेकाची किल्ली स्वतःच्या हाताने डब्यात ठेवली, झाकण लावलं, त्यावर दोन्ही तळवे दाबून धरले. गावची वेस मागे पडली तेव्हा त्यांनी विचारलं, "आता नाही ना ओ बाहेर जात?"

"नाही जात, आई."

"परवा कसं करायचं गं?"

फुसाएने घाटाच्या चढाला गियर बदलला. म्हातारीचे हात इस्पितळाच्या दारापर्यंत झाकणावरून हलले नाहीत.