सोबतीला सासूबाई

आमच्या कामात किस्से फार साठतात. पंचाईत एवढीच, की चारचौघांत सांगण्यासारखा एकही नसतो! आम्ही पाचसहा बायका, बसायची जागा नारायण पेठेत. राज्यभर हिंडून पोटातल्या मुली पाडू नका म्हणून सांगतो, आणि खबर लागली की सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते सांगणाऱ्या डॉक्टरला पकडून देतो.

*

एका सोसायटीत प्रमुख पाहुणे 'मुलगी म्हणजे लक्ष्मी' यावर तासभर बोलले. मग एक नवी सून पाया पडली, तर माइकवरच म्हणाले, "पुत्रवती भव."

आमच्या सुलभाताई रिटायर्ड मुख्याध्यापिका. आभार मानायला उठल्या. "पाहुणे वेळेवर आले, त्याबद्दल आभार," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

*

एका आयटी कंपनीत मी कायदा समजावून सांगितला. पुढच्या रांगेतल्या इंजिनिअरने हात वर केला. "मॅम, हे फक्त इंडियातच इल्लीगल आहे ना?"

मला वाटलं, सगळे हसतील. कसलं काय! उत्तर ऐकायला आणखी दोघं सरसावून बसले.

*

पकडलेला एक डॉक्टर रडायलाच लागला. "मलाही दोन मुलीच आहेत हो."

सुलभाताई म्हणाल्या, "मशीन उशिरा घेतलंत वाटतं."

*

आणि अश्विनी. सापळ्यासाठी डॉक्टरकडे पाठवायची बाई खरोखरच गरोदर लागते, आणि अशी बाई मिळता मिळत नाही. अश्विनी आपण होऊन आली. पदरी एक मुलगी, चौथा महिना चालू. डॉक्टर काहीही सांगू दे, हे मूल मला हवंय, असं तिने आधीच बजावलं होतं.

सोबत खरी सासू असली की डॉक्टरला संशय येत नाही, ही अक्कल आमचीच. सासूबाई एका शब्दात तयार झाल्या. आम्हाला कोण कौतुक त्यांचं!

आत त्यांनी डॉक्टरची अशी काही मनधरणी केली, की तो लगेच बोलून गेला: मुलगी आहे. ठरल्याप्रमाणे सासूबाईंनी मिस्ड कॉल दिला, पोलीस आत शिरले, मशीनला सील लागलं. परतताना जीपमध्ये आम्ही एकमेकींना टाळ्या दिल्या. अश्विनी तेवढी पोटावर हात ठेवून बसली होती.

सासूबाई माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, हा तर आता बंद झाला. पाडून देणारा दुसरा एखादा असेलच की तुमच्या माहितीत."