घर चोरीला गेल्याची फिर्याद

ती केस आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग जरा गप्प बसावंसं वाटतं. नोकरीत सायकलीपासून बैलापर्यंत सगळं चोरीला गेल्याच्या फिर्यादी मी घेतल्या. अख्खं घर चोरीला गेल्याची फिर्याद मात्र एकदाच आली.

दुष्काळाची वर्षं होती. उस्मानाबाद जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात एका तलावाचं काम चालू होतं आणि ती हद्द माझ्या ठाण्याची होती. कायम मजुरांसाठी पाटबंधारे खात्यानं पत्र्याची तयार घरं आणली होती. भिंती, छप्पर, दार सगळं सुटं ट्रकनं यायचं. नटबोल्ट आवळले की घर उभं. एका साइटचं काम संपलं की घरं खोलून पुढच्या साइटवर. लोक त्या वसाहतीला बोल्टवाडी म्हणायचे. सगळी घरं एकाच साच्यातली, त्यामुळं दारू पिऊन आलेला गडी हमखास शेजाऱ्याच्या घरात शिरायचा आणि सकाळी ते भांडण आमच्याकडे यायचं. पत्रा तापायचा म्हणून बायका छपरावर शेणकाला सारवून वर तुराट्या पसरायच्या. बाकी टँकरची रांग, कोंबड्या, दोरीवरची धुणी, सगळं कुठल्याही गावासारखंच.

फिर्यादी होता खात्याचा स्टोअरकीपर. "शेवटच्या ओळीतलं एक घर गायब आहे, साहेब. जागेवर नुसता ओटा राहिलाय," तो म्हणाला.

त्या घरात एक विधवा बाई राहत होती. नवरा याच कामावर दरड कोसळून गेला. तेव्हा तिला मजुरांना पाणी पाजण्याचं काम मिळालं आणि घर तिच्याकडेच राहिलं. सध्या ती लेकीच्या बाळंतपणासाठी परंड्याला गेली होती. बाईनं पत्रे विकले आणि पळाली, असं स्टोअरकीपरचं म्हणणं. म्हणजे सरकारी मालमत्तेची चोरी. शाबीत झालं असतं तर तिचं काम गेलं असतं, निवारा गेला असता, आणि लेक बाळंतीण असताना दारात पोलीस उभे राहिले असते. तिला ताब्यात घ्या, असा वरून तगादा सुरू झाला. मी हवालदाराला परंड्याला जायची तयारी ठेवायला सांगितलं. पण घटनास्थळ पाहिल्याशिवाय माणूस उचलायचा नाही, ही माझी सवय.

फाट्यावरचा चहावाला आमचा जुना खबऱ्या. वाटेत त्याच्याकडे थांबलो. तो म्हणाला, "सायेब, पत्रं हितनं गेलंच न्हाईत. वस्तीला रस्ता एकच. गेलं असतं तर माझ्या म्होरनंच गेलं असतं की."

म्हणजे माल वसाहतीतच होता. ओळीतल्या एकेकाला बोलावून विचारलं. प्रत्येकाचं उत्तर एकच, "आमी कामावर व्हतो, आमाला ठावं न्हाय." ज्या म्हाताऱ्या कामावर जातच नव्हत्या, त्याही हेच सांगत होत्या. सगळ्यांचे जबाब असे तंतोतंत जुळले की समजावं, जबाब आधीच ठरलाय.

घरं जोडणाऱ्या टोळीचा मुकादम त्याच ओळीत राहायचा, म्हणून त्याच्या घरी गेलो. घर लिंगायतांचं, आई कानडी मुलखातली. तिला सगळी वसाहत अव्वा म्हणायची. अव्वानं पाणी दिलं आणि वाकळ अंथरलेल्या बाजेवर बसायला सांगितलं. बसलो तसं काहीतरी जोरात टोचलं. उठून वाकळ उचलली. खाली बाज नव्हती, विटांवर आडवं ठेवलेलं दार होतं. टोचला तो दाराचा कोयंडा. हवालदाराला हसू आवरेना.

मुकादमाचा चेहरा पडला. मग सगळंच बाहेर आलं. बाईच्या घराचे पत्रे ओळीतल्या छपरांवर तुराट्यांखाली वाटून ठेवले होते.

"कशासाठी?" मी विचारलं.

"हुकूम निघालाय, सायेब. ज्या घराची चूल थंड, ते रिकामं धरून दुसऱ्या साइटला न्यायचं. खात्याचा शिपाई सकाळी धूर बघत फिरतो. बाई लेकीकडं, ट्रक यायचा व्हता. एकदा गेलेलं घर परत कोन देतंय? म्हणून आमीच आदी खोललं. ती आली की दुपारभरात जोडून दिलं असतं."

ज्याच्या हातात पाना, त्याला प्रत्येक अडचण खोलायचीच वाटते. मी म्हणालो, "अरे, नुसती चूल पेटवायची होती. रोज कुणीतरी तिच्या घरी दोन भाकरी थापल्या असत्या, तरी धूर निघाला असता."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. ती बाई बौद्ध होती. त्या ओळीत तसं तिचं एकच घर.

"ते सुचलंच न्हाय, सायेब," मुकादम म्हणाला.

"मला सुचलं व्हतं," अव्वा मागून म्हणाली. "म्या बोलले न्हाय. आता जोडा घर. चूल मी पेटवते."

मुकादमानं आईकडे पाहिलं, मग पाना उचलला.

दुसऱ्या दिवशी पंचनामा केला. घर जागेवर, चूल चालू. तूट आपल्या अंगावर येईल या धास्तीत असलेल्या स्टोअरकीपरनं मुकाट सही केली. गैरसमजातून फिर्याद, असा अहवाल देऊन मी प्रकरण बंद करायची सी समरी कोर्टात पाठवली. कायद्यापुरतं प्रकरण मिटलं.

ती माणसं शेजारणीसाठी तुरुंगाची जोखीम घ्यायला तयार होती, आणि तिच्या चुलीपाशी जायला मात्र त्यांचे पाय अडत होते. दोन्ही एकाच माणसात असतं, हे मला त्या ओळीनं शिकवलं. पुढं नोकरीत मी कुणालाही झटकन चांगला किंवा वाईट ठरवलं नाही.

बाई परतली त्या दिवशी एका मारामारीच्या तपासासाठी मी वसाहतीतच होतो. गाठोडं घेऊन ती ओळीत वळली आणि आपल्या छपरावरचा धूर पाहून जागीच थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "सायेब, माझं घर कुणाला दिलं?"

अव्वा दारात आली. हात पिठानं भरलेले होते. "कुणाला न्हाय. भाकरी झालीय, ये आत."

बाई घराकडे बघतच नव्हती. ती त्या हातांकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "अव्वा, तुमी जेवलाव का?"

"तुझ्या घरात तुझ्याआदी कशी जेवू?" अव्वा म्हणाली आणि दोघींची ताटं घ्यायला आत गेली.